निरोपाची अमानत

आमच्या घरात ‘जातो’ म्हणायला बंदी होती. नाक्यावरून पाव आणायचा असो की मुंबईची एस. टी. पकडायची असो, उंबरठा ओलांडताना ‘येतो’ म्हणायचे. चुकून तोंडातून ‘जातो’ निघाले, की आतून अम्मीचा आवाज यायचा, ‘जातो नाही बोलायचं, येतो बोल.’ हा रिवाज साऱ्या मराठी मुलखाचा आहे. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. आमच्याकडे त्यावर ‘खुदा हाफिज’ची भर पडे, एवढेच. कुणी नोकरीसाठी आखातात निघाला असेल तर त्याच्या दंडाला इमाम जामिन बांधला जाई, दारात कुराण शरीफ उंच धरून त्याखालून त्याला बाहेर काढले जाई आणि तो वळून म्हणे, ‘येतो.’ दोन वर्षांनी येणारा माणूस असे म्हणतो, ते खोटे नव्हे काय? आणि अल्ला सगळीकडेच आहे, तर माणसाला त्याच्या हवाली करायचे म्हणजे नेमके काय करायचे? लहानपणी आम्ही हे विचारले तेव्हा मोठी माणसे हसली होती. आता आम्ही मोठ्यांच्या जागी आलो आहोत आणि प्रश्न जिथल्या तिथे आहेत.

मध्यंतरी निरोपाच्या याच शब्दावरून आपल्या समाजात एक वाद शिरला. १९८० नंतर पाकिस्तानात ‘खुदा हाफिज’च्या जागी ‘अल्ला हाफिज’ म्हणण्याची लाट आली आणि पुढे ती आपल्याकडेही पोचली. ‘खुदा’ हा फारसी शब्द, तो कुणाच्याही देवाला लावता येतो, म्हणून ‘अल्ला’च म्हणा, असा आग्रह. लग्नाच्या मांडवात, जनाज्यावरून परतताना, मोहल्ल्यातल्या बैठकीत हा वाद आम्ही ऐकला आहे. गंमत अशी, की सगळे भांडण पहिल्या शब्दावर. दुसऱ्या शब्दाकडे, ‘हाफिज’कडे, कुणी वळूनही पाहत नाही. हाफिज म्हणजे सांभाळणारा, राखण करणारा. राखण त्याच्यावर सोपवली, की आपले काम संपले काय? आम्हाला तर खरा प्रश्न हाच वाटतो. आणि तो एकट्या आपला नाही. युरोपातल्या माणसांनीही शेकडो वर्षे एकमेकांना असेच देवाच्या हवाली केले आहे. त्यांच्या शब्दांचे पुढे काय झाले ते पाहिले, की आपला प्रश्न जरा स्वच्छ दिसू लागतो.

सुरुवात आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेल्या इंग्रजी शब्दापासून करू. ‘गुडबाय’मध्ये ‘गुड’ म्हणजे चांगले, असे आपण धरून चालतो. मुळात तिथे ‘गुड’ नव्हताच, ‘गॉड’ होता. ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुमच्या सोबत असो, हे अख्खे वाक्य सोळाव्या शतकात घाईघाईच्या बोलण्यात आक्रसत गेले. पुढे ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड डे’ यांच्या वळणावर जाऊन ‘गॉड’चा ‘गुड’ झाला. मग तोही गळाला आणि आज आपण नुसते ‘बाय’ म्हणतो. म्हणजे पाहा, देव गेला आणि ‘सोबत असो’ एवढेच उरले. कोण सोबत असो, हे सांगायला आता वाक्यात कुणी नाही. देव न मानणारा इंग्रज दिवसातून दहादा ‘गुडबाय’ म्हणतो आणि त्यात देव दडला आहे याची त्याला दादही नसते.

फ्रेंच ‘आद्यू’, स्पॅनिश ‘आदियोस’, इटालियन ‘आद्दियो’, पोर्तुगीज ‘आदेउश’ ही सगळी एका कुळातली भावंडे. सर्वांचा अर्थ एकच: देवाकडे. पोर्तुगीजांबरोबर हा शब्द आपल्या शेजारी गोव्यात उतरला आणि कोकणीत ‘आदेवस’ होऊन राहिला. निरोपाचा प्रसिद्ध मांडो याच शब्दाने सुरू होतो. उत्तर जर्मनीतल्या माणसांनी तो पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांकडून उचलला, त्याचा ‘आद्यूस’ झाला आणि झिजत झिजत ‘च्यूस’. आज जर्मन तरुण दुकानातून बाहेर पडताना ‘च्यूस’ म्हणतो, तेव्हा त्यात देवाचे नाव ओळखू येण्याइतकेही शिल्लक नसते. पूर्वेकडे स्लाव भाषांत याचीच जोड सापडते. सर्ब, क्रोएट ‘झ्बोगोम’ म्हणतात, चेक ‘स्बोहेम’ म्हणतात. ‘बोग’ म्हणजे देव, म्हणून अर्थ ‘देवासोबत’.

या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांत क्रियापद नाही. ‘देवाकडे’, पण काय देवाकडे? जुन्या फ्रेंचमध्ये वाक्य पुरे होते: मी तुम्हाला देवाच्या हवाली करतो. वापरून वापरून त्यातला ‘मी’ गळाला, ‘तुम्ही’ गळाला, ‘हवाली करतो’ गळाले. उरला तो देव एकटा. आम्हाला हे नुसते व्याकरण वाटत नाही. हवाली करणारा माणूस वाक्यातून निघून गेला, की हवाली करण्याची जबाबदारीही त्याच्याबरोबर निघून जाते.

ज्या भाषांत ते क्रियापद अजून जिवंत आहे, त्यांतल्या काही आपल्या ओळखीच्या निघतात. तुर्की भाषेत घरातून निघणारा माणूस मागे राहणाऱ्याला म्हणतो, ‘अल्लाहाइस्मर्लादिक’: आम्ही तुम्हाला अल्लाच्या स्वाधीन केले. आणि मागे राहणारा उत्तर देतो, ‘ग्यूले ग्यूले’: हसत हसत जा. बोस्नियाचा मुसलमान निघताना म्हणतो, ‘अल्लाहिमानेत’. शब्द जरा सावकाश उच्चारून पाहा. त्यात अल्ला आहे आणि अमानत आहे. अल्लाची अमानत! युरोपच्या मध्यात, स्लाव भाषा बोलणारा, गोऱ्या कातडीचा शेतकरी बैलगाडीतून उतरताना जो शब्द बोलत आला, तो रत्नागिरीच्या आणि औरंगाबादच्या आमच्या आजीला समजावून सांगावा लागला नसता. अमानत म्हणजे काय हे तिला ठाऊक होते. शेजारीण हजला जाताना दागिने ठेवून जाई, ती अमानत. तिच्या परवानगीशिवाय गाठोड्याची गाठही सोडायची नसे.

इथे माल्टाची आठवण होते. भूमध्य समुद्रातल्या या लहानशा बेटाची भाषा अरबीच्या पोटातून आलेली, पण लोक पक्के कॅथलिक ख्रिस्ती. ते ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळाला ‘रन्दान’ म्हणतात, जो आपला रमजानच. आणि चर्चमध्ये देवाची प्रार्थना करताना त्याला ‘अल्ला’ म्हणून हाक मारतात. निरोप घेताना म्हणतात ‘सह्हा’, म्हणजे सेहत, तुमची तब्येत चांगली राहो. ‘खुदा’ की ‘अल्ला’ यावर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या भावांनी या बेटाकडे एकदा जरूर पाहावे. ज्या शब्दाला ते फक्त आपला म्हणतात, तो तिथे शेकडो वर्षे ख्रिस्ती ओठांवर आहे. आणि ज्या फारसी ‘खुदा’ला ते परका ठरवतात, तो शेकडो वर्षे मुसलमानांच्या ओठांवर आहे.

निरोपाच्या शब्दांचे दुसरे कूळ देवाचे नाव घेत नाही. ते पुन्हा भेटण्याचे बोलते. फ्रेंच ‘ओ रव्वार’, इटालियन ‘अर्रिवेदेर्ची’, जर्मन ‘आउफ वीडरझेएन’, रशियन ‘दो स्विदानिया’, फिनलंडचे ‘नाकेमीन’: सर्वांचा भाव ‘पुन्हा दिसेपर्यंत’. जर्मन माणूस इतका काटेकोर, की फोनवर तो ‘आउफ वीडरह्योरेन’ म्हणतो, म्हणजे पुन्हा ऐकेपर्यंत; फोनवर कुठे दिसायला! आपला ‘येतो’ याच कुळातला. फ्रेंच माणसाने हे दोन्ही शब्द जपून वेगळे ठेवले आहेत. उद्या भेटायचे असेल तर ‘ओ रव्वार’. आता भेट नाही, या जन्मी नाही, असे वाटले तर ‘आद्यू’. जोवर भेट माणसाच्या हातात आहे तोवर माणसाचा शब्द, ती हाताबाहेर गेली की देवाचा. मात्र फ्रान्सच्याच दक्षिणेला खेड्यापाड्यांत भेटल्याबरोबरही ‘आद्यू’ म्हणण्याची जुनी चाल आहे. आपला सलाम नाही का, येतानाही आणि जातानाही!

या कुळातल्या स्पॅनिश शब्दांपाशी आम्हाला थांबावे लागते. ‘आस्ता लुएगो’, ‘आस्ता मान्याना’, म्हणजे नंतर भेटेपर्यंत, उद्यापर्यंत. यातला ‘आस्ता’ म्हणजे ‘पर्यंत’, आणि तो अरबी ‘हत्ता’पासून आला आहे. सूरे कद्रच्या शेवटच्या आयतीत, पहाट होईपर्यंतच्या सलामतीची गोष्ट सांगताना, हाच ‘हत्ता’ येतो. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री आपण जो शब्द ऐकतो, तो माद्रिदचा भाजीवाला गिऱ्हाइकाला निरोप देताना उच्चारतो. स्पॅनिशमधला ‘ओहाला’, म्हणजे ‘असे झाले तर किती बरे’, हाही अंदलुसियातल्या अरबीचा, ‘अल्लाने इच्छिले तर’ या अर्थाचा. हे वाचून आपली छाती फुगते. फुगावी, पण थोडीच. इंग्रजी ‘सो लाँग’ हा निरोपही आपल्या ‘सलाम’पासूनच आला असे काही जण सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. सगळे आपल्यापासूनच निघाले असे म्हणण्याची हौस आवरलेली बरी.

आणि छाती फुगवण्याआधी पुढची गोष्टही लक्षात घ्यावी. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा पडले. शहराबाहेरच्या एका खिंडीला आजही ‘मूरचा उसासा’ असे नाव आहे. शेवटच्या सुलतानाने तिथून मागे वळून पाहिले, अशी दंतकथा. पुढे १५६७ मध्ये दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने ग्रॅनडातल्या, बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांना अरबी बोलायला मनाई झाली. तीन वर्षांत स्पॅनिश शिका, मग घरातसुद्धा अरबी नको. आईने लेकाला निरोप कुठल्या भाषेत द्यायचा, हेही राजाने ठरवले. १६०९ ते १६१४ या काळात तर या लोकांना, सुमारे तीन लाखांना, स्पेनमधून हाकलून दिले. त्यांतल्या कितीतरी जणांना ख्रिस्ती होऊन तीन-चार पिढ्या झाल्या होत्या. बंदरावर जहाजात चढताना कुणी कुणाला काय म्हटले असेल? ‘पर्यंत’ हा शब्द त्या भाषेने ठेवून घेतला आणि तो देणाऱ्या माणसांना घालवून दिले. शब्द उसना घेणे सोपे असते. शेजारी सांभाळणे अवघड.

तिसरे कूळ तब्येतीचे, सुखरूपतेचे. रोमन माणूस ‘वाले’ म्हणे, म्हणजे धडधाकट राहा. पत्राच्या शेवटी तेच आणि मयताला निरोप देतानाही तेच. ग्रीक ‘या सू’ म्हणजे तुला आरोग्य. इंग्रजी ‘फेअरवेल’मधला ‘फेअर’ म्हणजे प्रवास; वाट सुखाची होवो. या कुळात आम्हाला सर्वांत आवडला तो आयरिश भाषेचा ‘स्लान’. स्लान म्हणजे सुखरूप, अखंड. पण आयरिश माणूस नुसते ‘स्लान’ म्हणून थांबत नाही. निघणारा मागे राहणाऱ्याला म्हणतो ‘स्लान अगत’, सुखरूपता तुझ्यापाशी राहो. मागे राहणारा निघणाऱ्याला म्हणतो ‘स्लान ल्यात’, सुखरूपता तुझ्यासोबत जावो. आपण समजतो की धोका फक्त जाणाऱ्याला आहे, वाटेत काही होईल ते त्याला. आयर्लंडने दुष्काळ पाहिला, बोटी भरभरून माणसे अमेरिकेला जाताना पाहिली. जाणारा जितका संकटात, तितकाच मागे राहणाराही, हे त्या भाषेला माहीत आहे. कोकणातल्या ज्या घरांत आज दोन म्हातारी माणसे आणि आखातातून आलेला फ्रिज एवढेच उरले आहे, त्या घरांनाही ते माहीत आहे.

आता एक अवघड शब्द. इटालियन ‘चाओ’ आज जगभर पोचला आहे. आपल्याकडची कॉलेजातली मुलेही ऐटीत म्हणतात. हा शब्द व्हेनिसचा. त्याचा मूळ अर्थ ‘मी तुमचा गुलाम’. मध्ययुगात स्लाव लोकांना पकडून इतके विकले गेले, की लॅटिनमध्ये ‘स्क्लावुस’, म्हणजे स्लाव, याचाच अर्थ गुलाम झाला. इंग्रजी ‘स्लेव्ह’ त्यातूनच आला. अरबीतला ‘सकालिबा’ हाही तोच शब्द, कारण ते गुलाम अंदलुसियाच्या आणि इतर मुसलमान दरबारांतही विकत घेतले जात. इथे आपले हातही स्वच्छ नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. पुढे व्हेनिसचा खानदानी गृहस्थ दुसऱ्या खानदानी गृहस्थाला लवून ‘तुमचा गुलाम’ म्हणू लागला. ऑस्ट्रियातला ‘झेर्वुस’ याच जातीचा. खरे गुलाम बाजारात उभे आणि न झालेले गुलाम दिवाणखान्यात! आपणही शाळेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहीत आलो आणि कंपनी सरकारचे साहेब ‘आपला अत्यंत नम्र सेवक’ अशी सही करून संस्थाने खालसा करीत.

या खोट्या नम्रतेविरुद्ध इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर पंथाची माणसे उभी राहिली. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स कुणापुढे टोपी काढीत नसे, कमरेत वाकत नसे. ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड इव्हनिंग’ म्हणायलाही त्याने नकार दिला. मनात नसलेले बोलायचे नाही, हा त्यांचा बाणा. न्यायाधीशापुढे टोपी न काढल्याबद्दल त्यांनी दंड आणि तुरुंग सोसला. आम्हाला या माणसांबद्दल आदर वाटतो. बंदा एकाच मालकाचा, हे आपणही अब्दुल्ला नाव ठेवताना म्हणतोच की. तरी शंका उरते. जे शब्द शंभर टक्के खरे नाहीत ते सगळे टाकून दिले, तर उंबरठ्यावर उभे राहून बोलायचे काय?

याचे एक उत्तर ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने दिले आहे. त्याने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेली व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: काही वाक्ये माहिती सांगत नाहीत, काम करतात. निकाहात ‘कबूल’ म्हणणारा माणूस बातमी देत नाही, तो निकाह करीत असतो. वचन देणे, माफी मागणे, निरोप घेणे ही अशी कामे. त्यांना खरे-खोटे लावता येत नाही. ती नीट पार पडतात किंवा पोकळ ठरतात. वचन पाळायचे मनात नसेल तर वचन दिले जाते खरे, पण पोकळ. आमच्या लहानपणीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे मिळाले. आखातात निघालेल्या माणसाचा ‘येतो’ खोटा नाही. तो बातमी नाही, वचन आहे. तो पोकळ ठरतो तो पुढे, जेव्हा पैसे येतात पण माणूस येत नाही, फोनही येत नाही.

चौथे कूळ लहान आहे, पण आमच्या मनाला सर्वांत जास्त भिडले ते हेच. रशियन माणूस उद्या भेटायचे असेल तर ‘दो स्विदानिया’ म्हणतो. कायमचा निरोप असेल तर म्हणतो ‘प्रोश्चाय’. त्याचा मूळ अर्थ ‘माफ कर’. निरोप आणि माफी यांना तिथे एकच शब्द. ईस्टरपूर्वीचे मोठे उपवास सुरू होण्याच्या आदल्या रविवारी तिथे घरातली, शेजारची माणसे एकमेकांची माफी मागतात आणि ‘देव माफ करील’ असे उत्तर मिळते. आपल्याकडे हजला निघणारा माणूस घरोघर फिरतो, ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतो. शबे बरातला कुणी कुणी फोन करतात. मग वर्षभर विसरतात. माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्या माणसानेच माफ करावा लागतो, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात किती वेळा ऐकले! पण ते सांगायला आपण हजची वाट पाहतो, नाहीतर मरणाची. रशियन भाषेने ते निरोपातच बांधून ठेवले, की विसरणे कठीण व्हावे.

शब्द इतका चांगला असूनही पोकळ कसा होतो, याचे उदाहरण १९९५ सालचे आहे. त्या वर्षी २७ डिसेंबरला पॅरिसजवळच्या पांताँ येथील दफनभूमीत तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास याला निरोप देताना, अल्जीरियात जन्मलेला त्याचा मित्र जाक देरिदा ‘आद्यू’ या एका शब्दावरच बोलला. लेव्हिनास लिथुआनियाचा ज्यू. त्याच्या आईवडिलांना आणि भावांना नाझींनी मारले. त्याने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: समोरच्या माणसाचा चेहरा तुमच्याकडे काही मागतो आहे, मला मारू नकोस, मरताना मला एकटा सोडू नकोस. ‘देवाकडे’ जाणारी वाट त्या चेहऱ्याला ओलांडून जात नाही, त्याच्या जबाबदारीतूनच जाते. ‘आद्यू’मधले गळालेले क्रियापद त्याने अशा रीतीने परत जागेवर आणले.

पण त्याच वर्षीच्या जुलैत, त्याच युरोपात, बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावात काय झाले? संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ते ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते. म्हणजे जगाने त्या माणसांना सांगितले होते, आम्ही तुमचे हाफिज. ११ जुलैला सर्ब फौजेने गाव घेतले. घाबरलेली माणसे जवळच्या पोटोचारीला, डच शांतिसैनिकांच्या तळाकडे धावली. तिथे बायका आणि लहान मुले एका बाजूला, पुरुष आणि मुलगे दुसऱ्या बाजूला काढले गेले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. ‘अल्लाहिमानेत’ म्हणायला किती जणांना उसंत मिळाली असेल? आणि मारणारे तरी कोण? ‘झ्बोगोम’ म्हणणारे, तीच भाषा बोलणारे, काही तर पूर्वीचे शेजारी. ‘देवासोबत’ आणि ‘अल्लाची अमानत’ यांच्या अर्थात बोटभर अंतर नाही. शब्दांनी कुणालाही वाचवले नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्‌सच्या सर्वोच्च न्यायालयाने तळाच्या आतून बाहेर काढल्या गेलेल्या सुमारे ३५० पुरुषांबाबत डच सरकारची जबाबदारी ठरवली: दहा टक्के. दहा टक्के का होईना, पण हिशेब झाला. अमानत परत देता आली नाही तर किमान हिशेब द्यावा लागतो. आजही दरवर्षी ११ जुलैला, ओळख पटलेल्या हाडांचा जनाजा पोटोचारीत पढला जातो आणि आया-बहिणी राहून गेलेला निरोप देतात.

याच्या उलट चित्रही याच युरोपात आहे. मार्च २०२० मध्ये इटलीच्या बेर्गामो शहरातून शवपेट्या लष्कराच्या ट्रकमधून न्याव्या लागल्या. ‘चाओ’ आणि ‘आद्दियो’ यांच्या देशात माणसे निरोपाविना मेली. तेव्हा इस्पितळांतल्या परिचारिकांनी मरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फोन धरला, घरच्यांचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचवला. निरोप दुसऱ्याचा, धरणारा हात तिसऱ्याचा. आपल्याकडेही त्या साथीत मुसलमान तरुणांनी कबरस्तानात आणि गरज पडली तिथे स्मशानातही, अनोळखी माणसांना शेवटचा निरोप दिला. त्यांना कुणी तत्त्वज्ञान शिकवले नव्हते. अमानत म्हणजे काय, तेवढे माहीत होते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हवाली करणे म्हणजे झटकणे काय? हजरत याकूब यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. एक मुलगा, यूसुफ, भावांबरोबर पाठवला तो परत आला नाही. दुष्काळात धान्यासाठी दुसरा पाठवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी अल्लाच सर्वोत्तम हाफिज आहे असे म्हटले. आपला हा शब्द आपल्याला तिथे भेटतो. पण ते म्हणून स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी मुलांकडून अल्लाची शपथ घेववली, भावाला परत आणाल ना म्हणून. शहरात सगळे एकाच दरवाजाने शिरू नका, वेगवेगळ्या दरवाजांनी शिरा, असेही बजावले. ‘हाफिज’ म्हणणारा बाप शपथ घेतो आणि दरवाजेही मोजतो. आधी उंट बांध, मग अल्लावर भरवसा ठेव, ही हदीसही हेच सांगते. ज्याच्या हवाली करायचे तो मोठा आहे, म्हणून सोपवणाऱ्याचे काम संपत नाही, उलट वाढते. एवढ्या मोठ्या मालकाची अमानत, आणि ती ठेवली आहे आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच शेजारी!

म्हणून ‘खुदा हाफिज’ म्हणा की ‘अल्ला हाफिज’, आमची तक्रार नाही. ‘येतो’ म्हणा, ‘आदेवस’ म्हणा. एवढेच पाहा, की गळालेले क्रियापद कोण भरून काढतो आहे. मुलाला विमानतळावर सोडून आलेल्या शेजाऱ्याच्या दारावर तिसऱ्या दिवशी कुणी थाप मारली? दंगलीच्या रात्री ‘खुदा हाफिज’ म्हणून कुणी दार लावून घेतले आणि कुणी उघडे ठेवले? ज्यांनी उघडे ठेवले ते दोन्हीकडे होते, आणि ज्यांनी लावून घेतले तेही दोन्हीकडे होते.

अम्मी आता नाही. तिला निरोप देताना आम्ही काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा काहीच म्हणालो नाही. मात्र मूठभर माती टाकताना एक गोष्ट कळली होती. आता हवाली करणारे आम्ही होतो, आणि तिने आमच्या हवाली केलेली माणसे घरी वाट पाहत होती. त्यांच्याकडे परत जायचे होते. कबरस्तानाच्या फाटकाशी आल्यावर सवयीने तोंडातून निघाले, ‘येतो.’